बिअरचं बॉटलिंग, केगिंग आणि आपला आलं-गुळाचा सोडा: गॅस नेमका कसा भरायचा?

गुळाचा_रवा
नमस्कार मंडळी. मे महिन्यात घरात लग्न आहे. हळदीच्या दिवशी पाहुण्यांना आलं-गूळ-लिंबाचा सोडा द्यायचा, आणि तोही नळ फिरवला की ग्लासात फेसाळत पडणारा, असं मनानं घेतलंय. सरबताची चव ठरलेली आहे: घरच्या गुऱ्हाळाचा गूळ, ताज्या आल्याचा रस, लिंबू, चिमूटभर सैंधव. अडलंय ते गॅसपाशी.

माझा मावसभाऊ (इथे लीड्सकर नावानं लिहितो) तिकडे घरी बिअर करतो. गेल्या खेपेला येताना त्यानं दोन रिकामे केग (दाब धरणारी बंद पिंपं) आणून दिले, १९ लिटरचे, स्टीलचे. तो काही बिअर बाटल्यांत भरतो, काही केगमध्ये. बाटलीत थोडी साखर घालून बूच लावायचं, आतलं यीस्ट गॅस तयार करतं, ही एक वाट. दुसरी म्हणजे केगला सिलिंडर जोडून बाहेरून गॅस द्यायचा. कोल्हापूरच्या मे महिन्यात, मांडवात, कोणती वाट धरावी? दोन्हींमागचं गणित समजून घ्यायचंय, नुसती कृती नको.

कोर्टाच्या_पायरीवरून
गॅसच्या आधी कायदा बघू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि त्यात परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे. घरगुती हौसेसाठी म्हणून वेगळी सूट नाही. तेव्हा बिअरची चर्चा जरूर करा, पण प्रयोग लीड्समध्येच होऊ दे. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरलं जातं. आंबवलेला सोडा करणाऱ्यांनी हा आकडा डोक्यात ठेवावा.

लीड्सकर
वकीलसाहेबांचं बरोबर आहे. इकडे ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, म्हणून मी निर्धास्त करतो. दादा, तुझ्या सोड्याकडे यायच्या आधी बिअरचं सांगतो, कारण गॅसचे सगळे धडे बिअरनंच दिलेत.

गॅस मोजायचं माप म्हणजे व्हॉल्यूम. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस विरघळला की एक व्हॉल्यूम, वजनात साधारण २ ग्रॅम. इंग्लिश एलमध्ये दीड ते दोन व्हॉल्यूम असतात, लागरमध्ये अडीचच्या आसपास, जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये साडेतीनच्या पुढेही. बाजारातली कोला साडेतीन-चारला असते.

बाटलीत भरायची पहिली अट एकच, आणि ती मी कधीच सैल करत नाही: आंबणं पूर्ण संपलेलं असलं पाहिजे. बुडबुडे थांबले म्हणजे संपलं, असं नाही. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं तरंगतं साधन) बुडवायचा, आकडा लिहायचा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बुडवायचा. आकडा तोच आला तरच बाटल्या धुवायला घ्यायच्या. आकडा हलत असेल तर आत अजून साखर आहे, आणि ती किती आहे हे आपल्याला ठाऊक नाही.

मग मोजून साखर. साधी साखर लिटरला ४ ग्रॅम घातली की जवळजवळ एक व्हॉल्यूम गॅस मिळतो. पण बिअरमध्ये आंबतानाचा थोडा गॅस आधीच उरलेला असतो: २० अंशाला साधारण ०.८५ व्हॉल्यूम, २५ अंशाला ०.७५. समजा बिअर २५ अंशाला आहे आणि आपल्याला २.४ व्हॉल्यूम हवेत. उरले १.६५. चारनं गुणलं की लिटरला ६.६ ग्रॅम. २० लिटरला १३२ ग्रॅम. डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पूड) वापरलं तर सुमारे १५ टक्के जास्त घ्यायचं, कारण त्यात पाणी धरून ठेवलेलं असतं.

ही साखर बाटलीगणिक चमच्यानं घालू नये. थोड्या पाण्यात उकळायची, रिकाम्या निर्जंतुक बादलीत ओतायची आणि तिच्यावर नळीनं बिअर सोडायची. नळीचं टोक तळाशी, खळखळाट नको. बिअरमध्ये हवा मिसळली की पंधरवड्यात ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. सगळ्या बाटल्यांना सारखी साखर मिळते ती या पद्धतीनंच.

बाटली तपकिरी हवी. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, त्यांच्यातल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की एक गंधकयुक्त, उग्र वासाचं संयुग तयार होतं. हिरवी काच ते फारसं रोखत नाही, पांढरी तर अजिबात नाही. वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळं सोडायचं, २६ मिलिमीटरचं पत्र्याचं बूच मशीननं दाबायचं आणि १८ ते २२ अंशाला दोन आठवडे ठेवायचं. फ्रिजमध्ये लगेच टाकलं तर यीस्ट झोपी जातं आणि बिअर सपक राहते.

राजारामपुरीची_सुगरण
फार छान लिहिलंत. मी घरी जिंजर बिअर करते, म्हणजे नावालाच बिअर, मुलांसाठीच असते. आलं आणि साखर रोज थोडी थोडी घालून विरजण तयार करते, मग लिटरला ८० ग्रॅम गूळ, आलं, लिंबू, आणि काचेच्या बाटलीत दोन दिवस. चव फार सुंदर येते. पण थंडीत गॅस कमी आणि उन्हाळ्यात बाटली उघडली की निम्मी ओट्यावर. गुऱ्हाळवाल्या दादांनी माझीच पद्धत मोठ्या प्रमाणात केली तर चालेल का?

निवृत्त_रसायन
ताई, तुमच्या कृतीचं गणित मांडतो, कारण या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यातच आहे.

गुळात एकूण साखर साधारण ८० ते ९० टक्के. ८० ग्रॅम गूळ म्हणजे जवळपास ६८ ग्रॅम साखर धरू. लीड्सकरांचा नियम लावा: चार ग्रॅमला एक व्हॉल्यूम. ६८ ग्रॅमला १७ व्हॉल्यूम! कोलाच्या चौपटीहून जास्त. म्हणजे तुमच्या बाटलीत गॅस तीन व्हॉल्यूमला थांबतो तो साखर संपली म्हणून नव्हे, तर तुम्ही ती फ्रिजमध्ये ठेवता म्हणून. थंडी काढून घेतली की यीस्ट पुन्हा कामाला लागतं.

आता दाब बघा. तीन व्हॉल्यूम गॅस असलेली बाटली २५ अंशाला असेल तर आत सुमारे ४२ पीएसआय (दर चौरस इंचाला ४२ पौंड) दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये ३२ च्या आसपास हवा भरतात, यावरून अंदाज करा. तीच बाटली ३५ अंशाच्या स्वयंपाकघरात ठेवली तर ५४. हे नुसत्या तापमानानं झालं, नवा गॅस न बनता. आणि यीस्ट तर उन्हाळ्यात दुप्पट वेगानं खात असतं. जुनी, ओरखडे पडलेली काच अशा वेळी फुटते, तेव्हा तुकडे डोळ्यांच्या उंचीवर उडतात.

दुसरी गोष्ट अल्कोहोलची. यीस्ट साखरेचे दोन जवळपास सारखे वाटे करतं: निम्मा कार्बन डायऑक्साइड, निम्मं अल्कोहोल. एक मिळवलं की दुसरं येतंच. तीन व्हॉल्यूम गॅस पूर्णपणे यीस्टकडून घेतला तर लिटरला १२ ग्रॅम साखर गेली आणि पाऊण टक्का अल्कोहोल आलं. वकीलसाहेबांनी दिलेली ०.५ ची रेघ तिथेच ओलांडली. सगळी साखर संपली तर चार टक्क्यांच्या वर, म्हणजे सरळ बिअरच. मुलांना द्यायचं पेय यीस्टनं फेसाळवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राजारामपुरीची_सुगरण
सर, हे कुणी असं उलगडून सांगितलं नव्हतं. विरजण ठेवते, पण मुलांसाठी नाही. मग काचेऐवजी प्लास्टिकच्या बाटल्या वापरल्या तर निदान फुटण्याची भीती जाईल ना?

निवृत्त_रसायन
कोल्ड्रिंकच्या पेट बाटल्या चांगल्या. त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात, आणि बोटानं दाबून कळतं: दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. पाण्याच्या पातळ बाटल्या मात्र नकोत. आणखी एक, कुणी कुणी यीस्ट मारायला बंद बाटल्या गरम पाण्यात ठेवतात. गॅस भरलेली काचेची बाटली तापवणं म्हणजे दाब मुद्दाम वाढवणं. ते करूच नका.

उद्यमनगर_लेथ
लई भारी विषय काढलास भावा! १९ लिटरच्या दोन केगनं लग्न कसं भागणार? आपल्याकडं दुधाचं ४० लिटरचं ॲल्युमिनियमचं कॅन पडलंय. झाकणाला रबर बसवतो, वरनं व्हॉल्व्ह टाकतो, क्लॅम्प मारतो. दोन दिवसांचं काम. सांग फक्त.

लीड्सकर
दादा, तुमच्या हातातली कला मला माहीत आहे. उद्यमनगरातल्या लेथवर काय काय होतं ते लहानपणापासून बघितलंय. पण हे कॅन नको. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो. झाकणावर वरच्या दिशेनं साडेसहाशे किलोचा जोर येतो. क्लॅम्प सुटला तर समोरचा माणूस वाचत नाही. दुधाचं कॅन दाबासाठी बनलेलंच नाही.

सोड्याचा केग १३० पीएसआयसाठी बनवलेला असतो. त्याचं झाकण लंबगोल असतं आणि आतून बसतं, म्हणजे दाब वाढला की ते अजून घट्ट बसतं. शिवाय वर दाब सोडायची झडप. हे केग मुळात कोला कंपन्या हॉटेलांत सरबत पोचवायला वापरत. बिअरवाल्यांनी ते नंतर उचलले.

तुमची मदत दुसरीकडे लागेल: दोन केगना एकाच रेग्युलेटरवरून गॅस द्यायला फाटा, नळाची पट्टी आणि सिलिंडर उभा बांधायचं स्टँड.

उद्यमनगर_लेथ
साडेसहाशे किलो! कॅनचा विषय संपला. स्टँड आणि पट्टी आपल्याकडं लागली. स्टेनलेस ३०४ मध्ये करतो, लिंबू हाय म्हटल्यावर पितळ नको.

लीड्सकर
आता केगचं. दादा, तुझ्यासाठी हीच वाट, सरांनी कारण सांगितलंच आहे. यीस्ट नाही म्हणजे अल्कोहोल नाही, आणि सरबत हवं तितकं गोड ठेवता येतं. बाटलीतल्या यीस्टला गोडवा आणि गॅस यांतलं एकच देता येतं.

त्याच दाबाला थंड पाण्यात गॅस जास्त विरघळतो, कोमट पाण्यात बराच कमी. विल्यम हेन्रीनं १८०३ मध्ये दाबाचा नियम मांडला: दाब जितका वाढेल त्या प्रमाणात विरघळणारा गॅस वाढतो. तापमान बदललं की हे प्रमाणच बदलतं. अडीच व्हॉल्यूमसाठी ४ अंशाला १२ पीएसआय पुरतात. २५ अंशाला ३३ लागतात, ३० अंशाला ३८ च्या वर. म्हणून मे महिन्यात खरी लढाई गॅसशी नाही, थंडीशी आहे.

मी बिअरचा केग फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवतो, रेग्युलेटर १२ वर लावतो आणि आठ-दहा दिवस विसरतो. घाई असेल तर ३० वर लावून केग आडवा धरून हलवतात, पण मग किती गॅस गेला याचा अंदाज राहत नाही आणि फेसाचाच नळ होतो. तुला सोडा हवा, म्हणजे तीन व्हॉल्यूम धर. केग बर्फाच्या पाण्यात, २ अंशाच्या आसपास असेल तर १५ पीएसआय. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून रेग्युलेटरवर एक पीएसआय जास्त लाव. १६.

नळीकडे लोक दुर्लक्ष करतात. केगमधला १६ चा दाब नळापर्यंत येता येता संपला पाहिजे, नाहीतर पेय उसळून येतं. आतून ५ मिलिमीटरची नळी चार-साडेचार मीटर घे, गुंडाळी करून तीही बर्फात बुडव. नळी गरम असली की पहिले ग्लास नुसते फेसाचे भरतात.

एक गंमत सांगतो. सोडावॉटरचा जन्म आमच्या गावचा. १७६७ मध्ये जोसेफ प्रिस्टली लीड्सला एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला आला. आंबणाऱ्या पिंपांवर साचलेल्या गॅसमध्ये त्यानं पाण्याचं भांडं धरलं आणि पाणी चवदार झालं. पुढं १७७२ मध्ये त्यानं त्यावर पुस्तिका काढली. बिअरचा गॅस आणि सोड्याचा गॅस एकच.

सोडा_लेमन
आमचं सोड्याचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून गोळीची बाटली भरतो. ही बाटली हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ मध्ये काढली. बाटली उलटी धरून भरायची, सुलटी केली की आतल्या गॅसनंच गोळी रबराच्या कड्यावर बसते. दाबच दाराला कडी घालतो.

लीड्सकरांचं थंडीचं म्हणणं शंभर टक्के खरं. आम्हीही बर्फाचं पाणी घेतल्याशिवाय भरत नाही. आमच्याकडून दोन गोष्टी. सिलिंडर खाद्यपेयांसाठीच्या गॅसचा घ्या, वेल्डिंगचा नको. वेल्डिंगच्या सिलिंडरमध्ये तेलाचा, गंजाचा वास असू शकतो आणि तो थेट पेयात उतरतो. आणि सिलिंडरच्या गळ्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती बघूनच घ्या.

निवृत्त_रसायन
यात भर. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवरचा काटा बघून किती गॅस उरला ते कळत नाही. आत तो द्रवरूप असतो, आणि द्रव आहे तोवर काटा २० अंशाला ५७ बारच्या आसपासच दाखवतो, भरलेला असो की पाव उरलेला. शिवाय ३१ अंशाच्या वर तो द्रव राहतच नाही. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी ३७-३८ अंश असतात, म्हणजे तुमचा काटा तेव्हा भलताच वर जाईल. सिलिंडर सावलीत, उभा आणि बांधलेला ठेवा आणि किती उरलं ते वजनकाट्यावर बघा. उभाच का, तर आडवा केला की द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

आणि बंद खोलीत नको. हा गॅस हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. लहान मुलं तिथेच खेळतात. मांडव मोकळा आहे ते उत्तम.

गुळाचा_रवा
सगळ्यांचे मनापासून आभार. केगच. आता सरबताचं विचारतो. चाचणीसाठी साध्या सोड्याच्या मशीननं गुळाचं सरबत फेसाळवून बघितलं, तर झाकण उघडताच सगळं उसळून वर येतं. साखरेच्या सरबताला असं होत नाही. गूळ आमचाच आहे, भेंडीचं पाणी घालून मळी काढलेला, पावडर-बिवडर काही नाही.

निवृत्त_रसायन
गूळ चांगला आहे, गाळ बारीक आहे. उसाच्या चोयट्याचे कण, मळीचे कण डोळ्याला दिसत नाहीत. विरघळलेला गॅस बाहेर पडायला असा खडबडीत कण शोधतो आणि त्याच्यावर बुडबुडा धरतो. लाखो कण, लाखो बुडबुडे. आल्याचा चोथा आणि लिंबाचा गर हेच करतात. पाक उकळा, रात्रभर स्थिर ठेवा, वरचं निवळ तेवढं घ्या आणि दुहेरी मलमलमधून गाळा. आल्याचा रसही तळाशी पांढरा साका बसेपर्यंत ठेवा, साका घेऊ नका.

राजारामपुरीची_सुगरण
लिंबाचा रस मी गाळून मगच मोजते, आणि पाक पूर्ण गार झाल्यावरच घालते. गरम पाकात लिंबू घातलं की उकडलेल्या सालीसारखी चव येते. आलं मात्र अर्धं पाकात उकळा आणि अर्धं कच्चं घाला. उकळलेलं घशाला झणझणतं, कच्च्याला सुगंध.

लीड्सकर
उकळणं गाळासाठीच नाही, आणखी एका कारणानं हवं. गुळावर रानटी यीस्ट असतं. केगमध्ये आपण यीस्ट घालत नाही, पण ते स्वतः येऊ शकतं. पाक नीट उकळ, कच्चं आलं आणि लिंबू अगदी शेवटी, आणि केग भरल्यापासून गार ठेव. तीन दिवसांत संपव. उरलं तर टाकून दे, कोमट केग झाकण लावून कोपऱ्यात ठेवू नकोस.

भरून झाल्यावर गॅस जोडून वरची झडप तीन-चार वेळा ओढ, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लाव. बुडबुडा दिसला तर रबराची रिंग बदल. रात्रीतून आख्खा सिलिंडर रिकामा होतो तो अशा एखाद्या रिंगेपायी.

गुळाचा_रवा
मग बेत असा. बुधवारी पाक, गुरुवारी गाळून केगमध्ये, चुलत्यांच्या डीप फ्रीजरला थर्मोस्टॅट लावून २ अंशावर. शनिवारी हळद. गुरुवार ते शनिवार एवढ्यात गॅस नीट मुरेल का? आणि सिलिंडर केवढा आणू?

लीड्सकर
१६ वर दोन दिवसांत पूर्ण मुरणार नाही. गुरुवारी रात्री सरबत २ अंशाला आल्याची खात्री कर, मग २५ वर लावून एक दिवस ठेव, शुक्रवारी रात्री गॅस बंद करून वरचा दाब सोड आणि १६ वर आण. सरबत कोमट असताना २५ लावण्यात काही अर्थ नाही.

गॅस १९ लिटरला तीन व्हॉल्यूम म्हणजे ११२ ग्रॅम, वर पेय ढकलायला ७०-८० ग्रॅम. केगमागे २०० ग्रॅम. दोन किलोचा सिलिंडर भरपूर झाला. दोन्ही केग मिळून ३८ लिटर, २०० मिलीचे १९० ग्लास.

गुळाचा_रवा
पाहुणे तीनशेच्या घरात आहेत.

सोडा_लेमन
मग केग मुलांसाठी आणि बायकामंडळींसाठी लावा, नळाचं अप्रूप त्यांना जास्त. बाकीच्यांना तुमचा गाळलेला पाक दाट करून आमच्याकडे द्या. शनिवारी सकाळी ग्लासात पाक आणि वर गोळीचा थंड सोडा, माझा पोरगा मांडवातच फोडून देईल. पाक एकास चार सोडा या हिशेबानं दाट ठेवा.

उद्यमनगर_लेथ
स्टँडला केगचा व्यास लागतोय. मोजून टाक भावा.

गुळाचा_रवा
बाहेरून साधारण २२ सेंटिमीटर. उद्या केगच घेऊन येतो, त्यावरच माप घेऊ.